नाताळच्या नाटकातून उतारशाळेच्या मालकाला रजा द्यावी का?

गव्हाणीकाठी:
यंदा नाताळच्या नाटकाची संहिता माझ्या गळ्यात पडली आहे. जुनी वही काढली आणि शेजारी बायबलमधली येशूच्या जन्माची कथा सांगणारी दोन शुभवर्तमानं, लूक आणि मत्तय, उघडून बसलो. वहीत येशूच्या आईवडिलांना, मरिया-योसेफाला, दारातून परत पाठवणाऱ्या उतारशाळेच्या मालकाला दीड पान संवाद. लूकमध्ये हा माणूसच नाही! ‘उतारशाळेत त्यांना जागा नव्हती’, संपलं. त्यातही मूळ ग्रीक शब्द ‘कातालुमा’. येशूच्या शेवटच्या भोजनाच्या खोलीला लूकने तोच शब्द वापरलाय, म्हणजे पाहुण्यांची खोली. खरी धर्मशाळा आणि तिचा मालक भेटतात ते येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, तिथे शब्दही वेगळा.

मरिया-योसेफाच्या बेथलेहेमच्या प्रवासात गाढव कुठेच नाही. बाळाला भेटायला येणारे तीन राजे म्हणाल तर मत्तय त्यांना राजे म्हणत नाही, किती होते तेही सांगत नाही. सोनं, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून आपण तीन डोकी मोजली. शिवाय ते ‘घरात’ येतात, गोठ्यात नव्हे.

माझं मत सरळ आहे, ही सगळी भर काढा. निवेदकाने मजकूर वाचावा, मुलांनी मूक दृश्यं उभी करावीत. वीस मिनिटांत पडदा. गेल्या वर्षी सव्वा तास चाललं आणि धाकटा देवदूत स्टेजवरच झोपला.

तिसरी घंटा:
अजिबात पटलं नाही. मूक दृश्य म्हणजे फोटोसाठी उभं राहणं. नाटक व्हायला कुणीतरी काही मागावं लागतं आणि समोरच्याने नाही म्हणावं लागतं. तुमच्या वीस मिनिटांत तो ‘नाही’ कोण म्हणणार? योसेफाच्या तोंडी तर चारही शुभवर्तमानांत एक शब्द नाही.

एकदा मी मालकाचं काम बोलताना अडखळणाऱ्या मुलाला दिलं होतं. वाक्य एवढंच, ‘जागा नाही’. प्रयोगात दार उघडलं, त्याने कंदील वर केला, मरियेकडे पाहिलं आणि ‘जा’वर अडकला. विंगेतून प्रॉम्प्टर सांगणार तोच मी तिचा हात धरला. पाच-सहा सेकंद गेले असतील. मग ‘गा नाही’ एवढंच पुटपुटून त्याने दार हळूच लोटलं. इतका ओशाळलेला मालक मला लिहिता आला नसता.

पाचवी रांग:
ग्रीक राहू द्या हो, आधी ऐकू येऊ द्या. सगळी मुलं बाळाकडे तोंड करून बोलतात आणि आम्ही तासभर पाठी बघतो.

जुना पेंढा:
भर आजची नाही. 1223 साली असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी नाताळच्या रात्री गव्हाण मांडली ती खरा पेंढा, बैल आणि गाढव घेऊन. ही जोडी लूकमध्ये नाही. बायबलच्या जुन्या करारात यशयाच्या पहिल्याच अध्यायात ‘बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या धन्याची गव्हाण ओळखतं’ अशा अर्थाची ओळ आहे, तिथून ती गव्हाणीपाशी आली. इंग्लंडमधल्या वेकफिल्डच्या मध्ययुगीन मेंढपाळ-नाटकात तर मॅक नावाचा चोर मेंढरू पळवतो, पाळण्यात घालतो आणि बायको बाळंत झाल्याची थाप मारतो. चोरी पकडली जाते, आणि मग देवदूत येतो. आधी पाळण्यात मेंढरू, नंतर गव्हाणीत ‘देवाचा कोकरा’ म्हणजे येशू! तुमच्या कात्रीने हे सगळं गेलं असतं.

गव्हाणीकाठी:
ग्रेच्चोचा दाखला माझ्याच बाजूने आहे. त्या रात्रीच्या वर्णनात मरिया-योसेफाच्या वेशात कुणी उभं राहिल्याचं येत नाही. गव्हाण, जनावरं, शुभवर्तमानाचं वाचन आणि प्रवचन. मालक कुठाय? मॅक लिहिणारा मात्र खरा नाटककार होता, हे कबूल. आमच्या वहीतला मालक ‘आधी बुकिंग केलं होतं का?’ असं विचारतो. दर वर्षी लोक हसतात, आणि तिथून पुढे मरियेला कुणी गांभीर्याने घेत नाही.

तिसरी घंटा:
मग विनोद काढा, माणूस कशाला काढता? आणि मजकुराशी एवढं इमान असेल तर हेरोद राजाही घ्या. त्याने केलेली बेथलेहेमातल्या बाळांची कत्तल मत्तयात आहे, 28 डिसेंबरला चर्च त्यांची आठवणही करतं. घेणार?

गव्हाणीकाठी:
लहान मुलांच्या नाटकात? नाही.

तिसरी घंटा:
म्हणजे गाळलेलं चालतं, घातलेलं चालत नाही.

विंगेतून:
तुमचं भांडण मिटेपर्यंत कामाचं सांगतो. मूक दृश्य सोपं समजू नका. हात पसरून उभा राहिलेला देवदूत मिनिटभरात थरथरायला लागतो, आणि तारेचे पंख पडद्यात अडकतात ते वेगळंच. रंगीत तालमीला पंख लावूनच उभं करा. गव्हाण प्रेक्षकांकडे कलती ठेवा, नाहीतर बाहुली कुणालाच दिसत नाही. पेंढ्यात बॅटरीचा छोटा दिवा लपवला की मरियेच्या चेहऱ्यावर खालून उजेड येतो. मेणबत्ती पेंढ्याच्या आसपाससुद्धा नको. पाचवी रांग, तुमच्यासाठी बाळ स्टेजच्या पुढच्या कडेला आणि मेंढपाळ त्याच्या मागे. बाळाकडे बघताना तोंड आपोआप तुमच्याकडे राहतं.

गव्हाणीकाठी:
बरं, मालक राहील. कंदील आणि दोन शब्द, तिसरा नाही. निवेदन मात्र लूकचंच. आणि गाढव येणार नाही म्हणजे नाही.

विंगेतून:
मुखवटा रंगवून झालाय. कान वाळायचे बाकी आहेत.