मदत हवी आहे: 'शेवटी सही माणूसच करणार' ही अट निविदेत कशी लिहायची?

फाईलबहाद्दर

नमस्कार मंडळी,

एका सरकारी कार्यालयात टेबलावर काम करतो. कुठल्या ते विचारू नका, नोकरी टिकवायची आहे. आमच्याकडे आर्थिक साहाय्याचे अर्ज आणि तक्रारी येतात. आता अर्जांची पहिली छाननी एआयकडून करून घ्यायचं ठरलंय आणि निविदेच्या अटी-शर्तींचा कच्चा मसुदा साहेबांनी माझ्या गळ्यात घातलाय. कारण काय, तर मागे ऑनलाइन अर्ज सुरू झाले तेव्हा फॉर्ममधल्या चुका मीच काढल्या होत्या. चांगलं काम केल्याची शिक्षा.

आधीच सांगतो, मी संगणकाच्या विरोधात नाही. आवक क्रमांक सापडला नाही म्हणून माणसाला चार-चार हेलपाटे घालावे लागायचे, ते दिवस मी पाहिलेत. आता अर्ज कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून आहे हे सगळ्यांना दिसतं आणि ते चांगलंच आहे.

पण महिनाभर या नव्या प्रणालीची चाचणी झाली, त्यात एक गोष्ट पाहिली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. स्क्रीनवर डावीकडे स्कॅन केलेला अर्ज. उजवीकडे यंत्राची शिफारस आणि खात्रीची टक्केवारी. खाली भलंमोठं हिरवं बटण, 'मान्य'. 'नाकारा' कुठे? तर कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत. ते दाबलं की चौकट उघडते आणि किमान २०० अक्षरांचं कारण लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. थोडक्यात, हो म्हणायला एक क्लिक आणि नाही म्हणायला निबंध. वर साहेबांच्या डॅशबोर्डवर प्रत्येकाने दिवसात किती प्रकरणं निकाली काढली त्याचा आकडा.

त्यात एका बाईंचा हाताने लिहिलेला अर्ज आला. 'माझे यजमान वारले. त्यांच्या नावे येणारे पैसे यापुढे माझ्या नावे करावेत.' यंत्राची शिफारस: लाभार्थी मृत, लाभ बंद करा. खात्री ९४ टक्के. शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा हात माऊसवर गेलेला, तेवढ्यात त्या थांबल्या. का, तर आदल्याच दिवशी त्या अर्जदार खिडकीवर येऊन त्यांच्याशी बोलून गेल्या होत्या. आल्या नसत्या तर?

बैठकीत हे मांडलं. पुरवठादाराचा माणूस हसून म्हणाला, "अहो, शेवटी सही माणूसच करणार आहे ना!" सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला.

थोडंफार वाचून काढलं. ऑस्ट्रेलियातलं रोबोडेट प्रकरण वाचून तर झोप उडाली. करखात्याकडून माणसाचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, त्याला २६ पंधरवड्यांनी भागायचं आणि त्या सरासरीवरून 'तुम्हाला भत्ता जास्त दिला गेला' अशी वसुलीची नोटीस धाडायची. जो सहा महिने कामावर आणि सहा महिने बेकार होता, तो या भागाकारात वर्षभर कमावता ठरला. पूर्वी अशी तफावत दिसली की कर्मचारी मालकाकडे चौकशी करायचे. ते काम काढून टाकलं आणि आपण देणं लागत नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसावरच ढकलली. २०२० मध्ये सरकारनं सुमारे ४ लाख ७० हजार वसुल्यांचे पैसे परत करायचं कबूल केलं. २०२३ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला, त्यात सगळी लक्तरं निघाली. गंमत म्हणजे त्यात एआय नव्हतंच. चौथीतला भागाकार होता.

तर प्रश्न असा: माणूस नुसता सहीपुरता उरणार नाही, त्याला यंत्राला खरोखर 'नाही' म्हणता येईल, अशी अट कागदावर कशी लिहायची? 'अंतिम निर्णय सक्षम अधिकाऱ्याचा राहील' हे वाक्य मसुद्यात आहेच, पण त्यानं काही होत नाही हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कुणी अशी कामं केली असतील तर सांगा. आठवड्यात मसुदा द्यायचाय.

प्रतिसाद

तिरकस

सोपं आहे. एआय घेऊच नका. पुढचा प्रश्न?

फाईलबहाद्दर

तिरकसराव, तो निर्णय माझ्या पगाराच्या माणसाचा नसतो.

लेखापरीक्षणवाले काका

तीस वर्षं दुसऱ्यांच्या फायली तपासल्या, त्यावरून सांगतो. 'अंतिम निर्णय अधिकाऱ्याचा' हे वाक्य अधिकाऱ्याला अधिकार देण्यासाठी नसतं. उद्या काही झालं तर कुणाला धरायचं, त्यासाठी असतं. दोष अधिकाऱ्याचा, पैसे पुरवठादाराचे.

नेदरलँड्समधलं बालसंगोपन भत्त्याचं प्रकरण जरूर वाचा. तिथे करखात्याची प्रणाली अर्जांना जोखमीचे गुण द्यायची, आणि अर्जदार डच नागरिक आहे की नाही हाही त्यातला एक निकष होता. ज्याचे गुण जास्त, त्याचा अर्ज कर्मचाऱ्याकडे तपासणीला जायचा. म्हणजे माणूस होताच मध्ये! पण गुण जास्त का आले हे त्याला सांगितलंच जात नव्हतं. मग तो काय तपासणार? संशयित म्हणूनच अर्ज हातात आला की प्रत्येक खाडाखोड लबाडी दिसते. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली आणि जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला.

म्हणून पहिली अट: टक्केवारी नको, कारण हवं. अर्जातल्या कुठल्या ओळीवरून ही शिफारस आली ती ओळ अर्जाच्या चित्रावरच ठळक दिसली पाहिजे. तुमच्या त्या बाईंच्या अर्जात 'वारले' या एका शब्दावर खूण दिसली असती, तर कुणीही पुढचं वाक्य वाचलं असतं.

कोडगा

मी टेबलाच्या पलीकडचा, म्हणजे अशा प्रणाली बनवणारा. नावावरून कळलं असेलच.

तुमचा निम्मा प्रश्न एआयचा नाही, बटणांचा आहे. हिरवं बटण मोठं का, तर देयक 'निकाली काढलेल्या प्रकरणां'वर निघतं. त्यामुळे तुमच्या अटींत हे घाला: मान्य आणि नाकार दोन्हीला सारखीच क्लिक, सारखाच आकार आणि कारण दोन्हीकडे किंवा कुठेच नाही. डॅशबोर्डवर माणशी वेगाचा आकडा नको. कर्मचाऱ्याला दिवसाला ३०० प्रकरणं दिलीत तर प्रत्येकाला जेमतेम दीड मिनिट मिळतं. मग त्यानं वाचलं की नुसतंच दाबलं, हे तुम्हीच ठरवा.

दुसरं, आणि हे कुणीही आपणहून देणार नाही. काही टक्के अर्जांत यंत्राची शिफारस झाकून ठेवा. आधी माणसाने निर्णय द्यायचा, मग शिफारस उघडायची. दोघांचं जमतंय की नाही ते तेव्हाच कळतं. शिवाय मुद्दाम चुकीच्या शिफारशी असलेले खोटे अर्ज अधूनमधून सोडा. कर्मचाऱ्याने तेही मान्य केले तर त्याला मेमो देऊ नका, कामाचा बोजा तपासा.

तिसरं, नोंदींचा लॉग तुमच्या मालकीचा. शिफारस काय होती, माणसाने काय केलं, किती सेकंदांत केलं आणि मॉडेलची कुठली आवृत्ती चालू होती, सगळं. मॉडेल बदललं की चाचणी नव्याने. आम्ही लोक रात्रीत आवृत्ती बदलतो आणि सकाळी कुणालाच सांगत नाही. हे मी तुम्हाला सांगितलं असं कुठे बोलू नका.

वकीलताई

कोडगा यांच्या लॉगच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. ब्रिटनच्या पोस्टातल्या होरायझन प्रणालीचं काय झालं आठवतंय ना? १९९९ पासून पुढे हिशोबात तूट दिसते म्हणून पोस्ट शाखा चालवणाऱ्या ९००हून अधिक जणांना न्यायालयांनी दोषी ठरवलं, काही तुरुंगात गेले. चूक सॉफ्टवेअरची होती. संगणक नीट चालत होता हे आधी सिद्ध करा, अशी तिथल्या पुराव्याच्या कायद्यात पूर्वी अट होती. १९९९ च्या कायद्यानं नेमकी तीच काढून टाकली. त्यानंतर संगणक बरोबरच असं गृहीत, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याकडे आतल्या नोंदीच नाहीत.

मसुद्यासाठी आधार हवा असेल तर दोन कागद बघा. कॅनडा सरकारचा स्वयंचलित निर्णयांबाबतचा २०१९ चा निर्देश: निर्णयाचा माणसावर किती परिणाम होतो त्यावरून चार पातळ्या पाडल्यात, आणि वरच्या दोन पातळ्यांत अंतिम निर्णय माणसानेच घ्यायचा. परिणामांचं मूल्यमापन प्रणाली सुरू करण्याआधी करून ते लोकांसाठी प्रसिद्धही करायचं. दुसरा युरोपीय संघाचा २०२४ चा एआय कायदा. सरकारी मदतीला कोण पात्र हे ठरवणाऱ्या प्रणाली त्यात उच्च जोखमीच्या धरल्यात. देखरेख करणाऱ्या माणसाला यंत्रावर आंधळा विश्वास टाकायची सवय लागू शकते, हे त्या कायद्याच्या चौदाव्या कलमातच लिहिलंय.

तुमच्याकडे हे कायदे लागू नसतील, पण भाषा उचलायला कुणाची ना नाही. आणि एक फरक जरूर करा. मंजुरीची शिफारस चुकली तर पैसे वसूल करता येतात. लाभ थांबवण्याची चुकली तर त्या घरातली चूल थांबते. तेव्हा लाभ बंद करणं, कमी करणं, वसुली, या तीन गोष्टींना यंत्राची शिफारस नकोच. तिथे यंत्राने फक्त 'हे माणसाने वाचा' एवढंच म्हणावं.

फाईलबहाद्दर

वकीलताई, हे शेवटचं भारी आहे. हाच मुद्दा माझ्या डोक्यात होता, शब्द सापडत नव्हते.

नुसतीच वाचक

तज्ज्ञ नाही, पण एक विचारू? त्या बाईंना मुळात अर्ज का करावा लागला? नवऱ्याच्या मृत्यूची नोंद सरकारकडेच झाली असेल ना? एस्टोनियात म्हणे २००१ पासून खात्याखात्यांची नोंदवही एकमेकांना जोडलेली आहे, आणि २०१९ पासून मुलाच्या जन्माची नोंद झाली की कुटुंब भत्ता सरकारच पुढे करतं, आईबापांनी फक्त होकार द्यायचा. आपली माहिती कुठल्या खात्याने पाहिली तेही नागरिकाला दिसतं. मग अर्ज वाचायला एआय आणण्यापेक्षा अर्जच रद्द का करत नाहीत?

कोडगा

कारण त्याची निविदा निघत नाही, ताई. दोन खात्यांनी एकमेकांशी बोलायला कंत्राटदार लागत नाही.

लेखापरीक्षणवाले काका

वाचकताईंचा मुद्दा मसुद्याच्या प्रस्तावनेत टाका. मान्य होणार नाही, पण फाईलवर राहील. आमच्या धंद्यात फाईलवर राहणं ही मोठी गोष्ट असते.

तिरकस

प्रामाणिकपणे, धागा उपयोगी निघाला. माझा पहिला प्रतिसाद मात्र कायम आहे.

फाईलबहाद्दर

मंडळी, मसुदा दिला. सारखी बटणं, ओळीवर खूण, झाकलेली शिफारस, लॉग आमचा, आणि बंद-कमी-वसुलीला शिफारस नाही. साहेबांनी झाकलेल्या शिफारशीचं कलम पेन्सिलीने गोल केलंय, म्हणजे बहुधा उडणार. बाकी पुढे गेलं. आज निविदापूर्व बैठकीत पुरवठादाराच्या त्याच हसऱ्या गृहस्थांनी सांगितलं की नाकारण्याचं बटण पहिल्या पानावर आणायचं काम ते 'पुढच्या टप्प्यात' करून देतील.

कोडगा

पुढचा टप्पा म्हणजे देयक निघाल्यावर. पहिल्या हप्त्याच्या अटीत टाका.

फाईलबहाद्दर

टाकलं.