मदत हवी आहे : वीटकाम आणि फरसबंदीसाठी टिकाऊ थापी

नमस्कार मंडळी. अंगणातली फरसबंदी आणि कमरेएवढी विटांची भिंत स्वतःच करायला घेतली आहे. हात आता बसलाय, पण थापी साथ देत नाही. दुसरी थापी मोडली, तीही पहिलीसारखीच: पात्याला मान (पातं आणि मूठ यांच्यामधली दांडी) जिथे वेल्डिंगने जोडलेली असते तिथे आधी केसाएवढी चीर दिसली, आणि धारेने वीट तोडताना पातं लोंबकळायला लागलं.

म्हणून आता पातं आणि मान एकाच पोलादाच्या तुकड्यातून ठोकून घडवलेली थापी घ्यायची आहे. मार्शलटाउन किंवा डब्ल्यू. रोज या कंपन्यांची थापी कोणी दररोज वापरलीय का? लांबी 10 इंची घ्यावी की 11? फिलाडेल्फिया घाटाच्या थापीची टाच (पात्याची मुठीकडची बाजू) चौकोनी, तिच्यावर माल (कालवलेलं सिमेंट-वाळू) जास्त मावतो. पण भरलेली थापी दिवसभर उचलून संध्याकाळी माझं मनगट भरून येतं. लंडन घाटाची गोलसर टाच हलकी पडेल का?

फरशांचे सांधे 10 मिलिमीटरचे आहेत. त्यासाठी सांध्यात सहज उतरेल अशी अरुंद पट्टीची थापी हवी. मोठ्या थापीने भरताना माल फरशीवर सांडतो आणि सिमेंटचे डाग पुसता पुसता जीव जातो. ही स्टेनलेस घेतली तर गंजणार नाही, पण पट्टी पुरेशी लवते का?

मूठ लाकडी की चामड्याची, तेही सांगा. माझ्या लाकडी मुठी ओल्या होऊन वाळल्या की ढिल्या पडतात.

स्वतः वापरलेल्या थापीचा अनुभव असेल तर जरूर लिहा.