मदत हवी आहे: पायथ्याचा तांदूळ चालतो, मग डोंगरातली रानभाजी का नाही?

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षांपासून आम्ही जपानमध्ये फुकुशिमा प्रांतात राहतो. शेजारच्या आजी परवा वर्तमानपत्रात गुंडाळून कोवळे कोंब घेऊन आल्या. कोशिआबुरा म्हणतात त्याला. एकेका देठाला पाच-पाच पानं, अजून नीट उघडलेलीही नाहीत. आपल्या भज्यांसारखं तळून खातात.

घेतले. रात्री वाचलं तर या भाजीच्या विक्रीवर बऱ्याच गावांत अजून बंदी आहे. कारण सिझियम-१३७, म्हणजे २०११ च्या अणुभट्टी अपघातात इथे पसरलेलं किरणोत्सर्गी द्रव्य. इथे किलोला १०० बेकरेलच्या (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) वर गेलं की अन्न विकता येत नाही. आणि त्याच डोंगराच्या पायथ्याचा तांदूळ तपासणीत पास होतो, आम्ही तो रोज खातो!

सिझियम पोटॅशियमच्या वाटेनेच मुळात शिरतं, एवढं कळलं. माझे बाबा निफाडला द्राक्षाला पालाश (पोटॅशियमचं खत) देतात, त्यांना फोनवर सांगितल्यावर लगेच पटलं: पालाश पोटभर मिळाला की मूळ सिझियम कमी उचलणार. अपघातानंतर इथल्या भातखाचरांत हेच केलं गेलं. पण मग रानात असं काय वेगळं आहे? २०११ पासूनच्या पावसाने ते खोल गेलं नसेल का? मी घरामागे मेथी-कोथिंबीर लावली आहे, तिचं काय? बाबा म्हणतात, कडेने सूर्यफूल लाव, ते ओढून घेईल.

घरात सहा वर्षांची मुलगी आहे, आणि आजींचं मन मोडायचं नाहीये. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, मी मृदाशास्त्र शिकवतो. खाचरातल्या चिकणमातीत अभ्रकासारखे थर असतात. त्यांच्या झिजलेल्या कडांत सिझियम शिरतं आणि अडकून बसतं, मुळांच्या हाती फारसं लागत नाही. शिवाय शेतांतली वरची साधारण ५ सेंटिमीटर माती बऱ्याच ठिकाणी खरवडून नेली होती.

रानात तसं झालं नाही. घरांलगतचा २० मीटरचा पट्टा सोडला तर जंगल तसंच राहिलं. तिथे वर पालापाचोळा आणि कुजलेला थर, चिकणमाती कमी. त्यात सिझियम सैल राहतं. कोशिआबुराची मुळं नेमकी त्या वरच्या थरात पसरतात. पानांत चढलं, पानगळीत खाली आलं, कुजलं, पुन्हा मुळात. पावसाने ते फार खोल जात नाही, आणि अर्धं व्हायलाच ३० वर्षं लागतात.

सूर्यफुलाचा प्रयोग तिथल्या कृषी मंत्रालयाने २०११ मध्येच केला. मातीतल्या सिझियमचा जेमतेम दोन हजारावा हिस्सा उचलला गेला. मेथीला पालाश द्या, पण जंगलातलं पानांचं खत किंवा स्थानिक लाकडाची राख घालू नका. राखेत सिझियम एकवटतं.

तळल्याने ते जात नाही. उकळून पाणी फेकलं तर थोडं कमी होतं, पण मुलीला देऊ नका. नगरपालिका घरच्या भाज्या तपासून देते का, ते विचारा. आजींनाही सोबत घेऊन जा.

धागाकर्ती

मनापासून आभार. आजींना सांगितलं, त्या सोमवारी सोबत येणार आहेत. पण राखेचं वाचून धस्स झालं. मागच्या महिन्यात त्यांच्याच शेगडीतली दोन ओंजळी राख मी मेथीच्या वाफ्यात मिसळली आहे. मेथी चार बोटं वर आली आहे. उपटून टाकू, की वाफ्यातली मातीही काढावी लागेल?