मदत हवी आहे: बगीच्याच्या आराखड्यावर सूचना कशा द्याव्यात?

नमस्कार मंडळी. इंदूरला आमच्या कॉलनीतल्या बगीच्याचा नवा आराखडा ठरतोय. रहिवाशांकडून सूचना मागवल्यात, मुदत महिनाअखेरपर्यंत. नकाशात कडुनिंबाच्या पारापासून फाटकापर्यंत सगळीकडे पेव्हर ब्लॉक आणि कोपऱ्यात खाण्याचे स्टॉल आहेत. त्या पारावर दुपारी भाजीवाल्या टोपली उतरवून टेकतात, संध्याकाळी आजी-आजोबा बसतात. पावसाचं पाणी आज तिथल्या मातीत मुरतं. ब्लॉक बसले की ते रस्त्यावरच येणार.

बागेसाठी राखीव जागा खासगी रुग्णालयाला देणं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगळूरच्या प्रकरणात अवैध ठरवलं होतं, म्हणून आमची जागाही बागेसाठी राखीव आहे का, हे बघायला आधी कॉलनीचा मंजूर लेआउट बघायचाय. तो नगर निगमात मिळेल की नगर तथा ग्राम निवेशच्या (राज्याच्या नगररचना विभागाच्या) कार्यालयात? माहितीच्या अधिकारात उत्तराला ३० दिवस मिळतात, तेवढा वेळ नाही. मंगळवारच्या जनसुनवाईत (अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे) अर्ज दिला तर लवकर काम होतं का?

घरोघरी मतं घेतोय, पण भाजीवाल्या आणि कामाला येणाऱ्या मावश्या इथे राहत नाहीत. त्यांचं म्हणणं अर्जात कसं घालावं? कुणी असा अर्ज हिंदीत केला असेल तर नमुना पाठवा. पार्षदांना (नगरसेवकांना) भेटायला सोबत येणारं कुणी असेल तर फारच बरं.