हरणाच्या शिकारीसाठी रायफलवर कोणती दुर्बीण बसवावी?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे .३०८ विंचेस्टर काडतुसाची बोल्ट रायफल असून तिच्यावर ४-१६×५० (म्हणजे ४ ते १६ पट मोठेपणा आणि ५० मिलिमीटर व्यासाची पुढची काच) ही दुर्बीण बसवलेली आहे. गेले तीन हंगाम मी परवाना काढून हरणाची शिकार करतो. माझा बहुतेक वावर रानाच्या कडेला आणि दाट झुडपांत असतो, त्यामुळे हरीण दिसते ते साधारण ३० ते १५० मीटरच्या आत; क्वचित एखाद्या उघड्या उतारावर हे अंतर २५० मीटरपर्यंत जाते. वेळ बहुधा पहाटेची किंवा तिन्हीसांजेची असते.

गेल्या हंगामात उजाडता उजाडता सुमारे ४० मीटरवर झुडपांतून एक नर बाहेर आला. मी दुर्बिणीला डोळा लावला, तर आत सगळे धूसर आणि तपकिरी दिसत होते. दिसत होते ते हरणाचे अंग आहे एवढे कळले, पण तो खांदा आहे की मांडी, हे शेवटपर्यंत उमगले नाही. मी चाप ओढला नाही आणि तो नर शांतपणे निघून गेला. चाप न ओढल्याचे मला समाधान आहे. मात्र तीच वेळ पुन्हा येऊ नये, म्हणून दुर्बीण बदलावी असे मनात आहे. ३-९×४०, २.५-१०×५० आणि स्थिर ८×५६ या तिघींचा मी विचार करतो आहे. पुढची काच मोठी असली की खरोखर जास्त उजेड मिळतो का, आणि ३० मिलिमीटरची नळी एक इंची नळीपेक्षा उजळ असते का, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

आपण चाप ओढला नाहीत, याबद्दल प्रथम मनापासून अभिनंदन. आता एक प्रश्न विचारतो: त्या वेळी मोठेपणाचे कडे कोणत्या आकड्यावर होते? आपल्या वर्णनावरून ते १६ वर किंवा त्याच्या आसपास असावे, असे मला वाटते. तसे असेल तर दोष दुर्बिणीचा नसून त्या आकड्याचा आहे.

दुर्बिणीतून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताला एक्झिट प्युपिल म्हणतात आणि त्याचा व्यास काढणे अगदी सोपे आहे: पुढच्या काचेच्या व्यासाला मोठेपणाने भागायचे. आपल्या दुर्बिणीत १६ पटीला ५० भागिले १६, म्हणजे जेमतेम ३.१ मिलिमीटरचा झोत मिळतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर ती बहुधा ५ च्या आसपासच थांबते. म्हणजे डोळा प्रकाश घ्यायला तयार असताना दुर्बीणच त्याला तो पुरवत नव्हती. हेच कडे ८ वर असते, तर झोत ६.२५ मिलिमीटरचा झाला असता आणि ४ वर १२.५ चा, जो कोणत्याही डोळ्याला पुरून उरतो. तेव्हा मोठी काच उपयोगाची असते हे खरे, पण ती किती मोठेपणावर वापरली जाते, यावर तो उपयोग अवलंबून असतो.

दुसरी गोष्ट दृश्याच्या रुंदीची. १६ पटीला १०० मीटरवर साधारण सव्वादोन-अडीच मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. ४० मीटरवर तो एक मीटरच्याही आत येतो. त्यात अख्खे हरीण मावतच नाही, मग खांदा कोणता आणि मांडी कोणती हे कळणार कसे? शिवाय अशा मोठ्या पटीच्या दुर्बिणींना बहुधा बाजूला पॅरॅलॅक्सचे, म्हणजे लक्ष्याच्या अंतराप्रमाणे प्रतिमा जुळवण्याचे, बटण असते. ते १०० मीटरवर किंवा त्यापुढे राहिले असेल, तर १६ पटीला ४० मीटरवरची वस्तू धूसर दिसणारच. ही तिन्ही कारणे त्या पहाटे एकदम जुळून आली असावीत.

नळीबद्दल सांगायचे, तर ३० मिलिमीटरच्या नळीमुळे उजेड वाढत नाही. तिच्यात नेम वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवायला जास्त वाव मिळतो, एवढेच. उजेडात खरा फरक पडतो तो काचांवरील लेपामुळे. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो आणि दुर्बिणीत असे डझनभर तरी पृष्ठभाग असतात, म्हणजे लेपाशिवाय प्रकाशाचा जवळजवळ ४० टक्के भाग वाटेतच हरवतो. झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तन रोखणारा लेप विकसित केला, त्यामुळे हे नुकसान पुष्कळ कमी झाले. आज दुर्बीण निवडताना सर्व पृष्ठभागांवर अनेक थरांचा लेप आहे ना, हे मी काचेच्या व्यासाच्या आधी पाहतो.

माझे मत असे की नवी दुर्बीण घेण्याआधी जुनीच एका संध्याकाळी रानाच्या कडेला न्यावी. रायफलीवरून काढून, किंवा रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून आणि रायफलीची नळी सुरक्षित दिशेला ठेवून, अंधार पडेपर्यंत ४, ८ आणि १६ या तिन्ही पटींवर एखादे झुडूप न्याहाळावे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु त्यावरून मोठेपणा जितका कमी तितका चांगला, असा अर्थ कोणी काढू नये. संधिप्रकाशात नुसता उजेड पुरत नाही, तपशीलही दिसावा लागतो. त्यासाठी मोठेपणा आणि काचेचा व्यास यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढण्याची एक जुनी पद्धत आहे. ४×५० ला ते सुमारे १४ येते, तर ८×५६ ला २१. मी अनेक वर्षे उंच बैठकीवरून ८×५६ वापरली आहे, आणि शंभर-सव्वाशे मीटरवर शिंगांची ठेवण किंवा मादीसोबत पिल्लू आहे का, हे तिच्यातून ज्या खात्रीने कळते, तशी खात्री कमी पटीत मला कधी वाटली नाही.

तरीही ८×५६ मी आपल्याला सुचवणार नाही. ३० मीटरवर तिच्यातून जेमतेम दीड मीटर रुंद दिसते आणि पट कमी करण्याची सोय नाही. वजनही जास्त असते आणि ५६ मिलिमीटरची काच रायफलीच्या नळीला टेकू नये म्हणून दुर्बीण धरून ठेवणाऱ्या रिंगा उंच घ्याव्या लागतात, त्यामुळे गाल दस्त्यावर नीट टेकत नाही. पायी फिरणाऱ्याला हे सोसत नाही. आपल्यासमोरच्या तिघींपैकी मी २.५-१०×५० निवडली असती.

दुर्बिणीतल्या नेमाच्या रेषांकडेही लक्ष द्यावे. अगदी बारीक फुली तिन्हीसांजेला झाडीत दिसेनाशी होते. कडेला जाड आणि मध्यभागी बारीक अशी रेषांची रचना, जी ल्यूपोल्ड कंपनीने १९६२ मध्ये ड्यूप्लेक्स नावाने आणली, ती या कामासाठी आजही उत्तम आहे. मध्यबिंदू उजळणारी दुर्बीण घेतलीत, तर तो बिंदू अगदी मंद ठेवावा, नाहीतर त्याच्या चकाकीत हरीणच दिसत नाही.

प्रतिसाद ३

दुर्बीण कोणतीही घ्या, पण ती जिच्यावर बसते त्या बैठकीचे आणि रिंगांचे स्क्रू निर्मात्याने सांगितलेल्या ताणावर, टॉर्क दाखवणाऱ्या पान्यानेच घट्ट करा. मी ते एकदा अंदाजाने केले होते. पहिल्या दिवशी नेम बरोबर होता, पण पुढे धक्क्यांनी बैठक सैल होत गेली आणि मला ते कळले नाही. त्या हंगामात मी एका मादीला पोटात जखमी केले आणि दुपारभर रक्ताचा माग काढल्यावर ती सापडली. ती दुपार मी विसरू शकलेलो नाही.

डोळा आणि मागची काच यांत सुमारे ९ सेंटीमीटर अंतर राहील अशी दुर्बीण बसवावी, आणि ते अंतर हिवाळ्यातला जाड कोट घालून, सर्वांत मोठ्या पटीवर तपासावे, कारण बहुतेक दुर्बिणींत डोळ्याची जागा त्या पटीला सर्वांत अडचणीची असते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. कडे खरोखरच १६ वर होते. आदल्या आठवड्यात मैदानावर कागदाला नेम धरताना ते तिथेच राहिले. काल सांगितल्याप्रमाणे संध्याकाळी पाहिले. १६ वर झुडूप काळे पडल्यानंतरही ८ वर त्याच्या फांद्या मोजता येत होत्या, आणि ४ वर बाजूची पायवाटही दिसत होती. तूर्त दुर्बीण बदलत नाही. आता एकच शंका उरली आहे: २५० मीटरसाठी तिच्यातल्या फुलीच्या खालच्या खुणा वापराव्यात का?

प्रतिसाद १

आधी एक तपासा. मोठेपणा बदलताना रेषाही लहान-मोठ्या होतात, की आहेत तशाच राहतात? तशाच राहत असतील, तर त्या खुणांचे माप एकाच पटीवर, बहुधा सर्वांत मोठ्या पटीवर, खरे ठरते. ८ वर तीच खूण दुप्पट अंतर दाखवेल आणि गोळी हरणाच्या पाठीवरून जाईल.

म्हणून मी खुणांच्या नादी न लागता १०० मीटरवर नेम सुमारे ४ सेंटीमीटर वर लागेल असा जुळवतो. नेम सरकवणाऱ्या बटणाचे एक क्लिक पाव मिनिटाचे (कोनाच्या मापातले मिनिट) असेल, तर ते १०० मीटरवर साधारण ७ मिलिमीटर होते, म्हणजे सहा क्लिक पुरतात. १५० ग्रेन वजनाच्या नेहमीच्या .३०८ गोळीने मग २०० मीटरपर्यंत वर-खाली सुमारे ५ सेंटीमीटरच फरक पडतो, आणि हरणाच्या काळीज-फुप्फुसाचा भाग साधारण २० सेंटीमीटरचा असतो. २५० मीटरवर गोळी १५ सेंटीमीटरच्या आसपास खाली येते. ते अंतर आपल्याच काडतुसांनी कागदावर तपासून पाहिल्याशिवाय मी तिथे चाप ओढणार नाही. रानात शिरताना कडे ४ वर ठेवावे. हरीण दूर असेल, तर ते फिरवायला वेळ मिळतो. जवळ असेल, तर मिळत नाही.