कॉन्फरन्स टूर्नामेंट बंद करा म्हणणाऱ्यांना उत्तर

केरीकर_वुल्फपॅक:
अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये सीझन संपला की प्रत्येक कॉन्फरन्सची, म्हणजे कॉलेजांच्या गटाची, टूर्नामेंट होते आणि ती जिंकेल त्याला मार्च मॅडनेसला, म्हणजे 68 टीमच्या देशपातळीवरच्या एनसीएए स्पर्धेला, थेट जागा मिळते. त्यावर काल टेरेहोटकरने लिहिलं की "कॉन्फरन्स टूर्नामेंट ही टीव्हीच्या पैशासाठी चालवलेली लॉटरी आहे, रेग्युलर सीझन जिंकेल त्यालाच मार्च मॅडनेसचं थेट तिकीट द्या, 2024 ला एनसी स्टेटने दुसऱ्याची जागा खाल्ली". सोडून द्यावं म्हटलं, पण नाही, लिहितोच. जागा खाल्ली म्हणजे कशी, तर आमच्या नॉर्थ कॅरोलिना स्टेटने एसीसीत (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) पाच दिवसांत पाच सामने जिंकून. लुईव्हिल, सिरॅक्यूज, ड्यूक, व्हर्जिनिया आणि फायनलला चॅपल हिलची नॉर्थ कॅरोलिना. दहावं सीड (क्रमवारीत दहावे), सीझनचे शेवटचे चार सामने हरून वॉशिंग्टनला गेलेलो, कोचची नोकरी जाणार असं सगळे उघड बोलत होते. व्हर्जिनियाविरुद्ध तीनने मागे, पाचेक सेकंद उरलेले, त्यांच्या पोराचा फ्री थ्रो चुकला, आमचा ओकॉनेल बॉल घेऊन सुटला आणि लांबूनच फेकला, बोर्डला लागून रिंगवर घुटमळला आणि आत! मग ओव्हरटाइममध्ये जिंकलो. आमच्या डी. जे. बर्न्सवर दोन-दोन जण सोडले तरी तो पाठ लावून एकेक पाऊल रेटत आत शिरणार, आणि डाव्या हाताने अलगद टाकणार नाहीतर मोकळ्या पोराला पास देणार. लॉटरी असते का अशी? तीच टीम पुढे फायनल फोरला, म्हणजे मार्च मॅडनेसच्या शेवटच्या चारात, गेली, 1983 नंतर पहिल्यांदा. टूर्नामेंट नसती तर 17-14 (17 विजय, 14 पराभव) वर घरी बसलो असतो.

टेरेहोटकर:
17-14 वाल्यांनी घरीच बसायचं असतं, मी तेच म्हणतोय. त्याच वर्षी आमची इंडियाना स्टेट 28-6 होती हो. मिसुरी व्हॅली कॉन्फरन्सचा सीझन जिंकलेली. सेंट लुईसला फायनलमध्ये ड्रेककडून चार पॉइंटनी हरले आणि उरलेल्या जागा वाटणाऱ्या कमिटीने 68 मध्ये घेतलंच नाही. तुमच्या एसीसीत हरलेल्यालाही बोलावणं येतं, आमच्याकडे एक दुपार वाईट गेली की नोव्हेंबरपासूनची मेहनत पाण्यात. हे गाव अजून 1979 च्या आमच्या स्टार लॅरी बर्डवर जगतं, त्यात तो गॉगलवाला रॉबी अविला आला आणि आमचं कोर्ट, हल्मन सेंटर, परत भरायला लागलं. यादी लागली त्या संध्याकाळी माझी मुलगी टीव्हीपुढून उठून रडत वर गेली. तिला काय सांगू, की बेटा हेच न्याय्य आहे?

प्रिन्स्टनजवळची:
टेरेहोटकरना माझा पाठिंबा. आयव्ही लीगमध्ये 2017 पर्यंत टूर्नामेंटच नव्हती, सीझन जिंकलेली टीम सरळ जायची आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. पहिल्याच वर्षी काय झालं बघा, प्रिन्स्टन 14-0, समोर पेन 6-8, आणि सामना फिलाडेल्फियाला पेनच्याच कोर्टवर! ओव्हरटाइमपर्यंत ताणला. प्रिन्स्टन जिंकली म्हणून वाचलो, नाहीतर चौदा विजयांची किंमत शून्य.

मॉरिसव्हिलची_आई:
टूर्नामेंट ठेवा नाहीतर बंद करा, मला एवढंच कळत नाही की इकडे शाळेत वर्गात मॅच का लावतात? गुरुवार-शुक्रवार दोन्ही दिवस. मुलगा घरी येऊन ब्रॅकेट (कोण कुणाशी खेळणार ते) सांगतो आणि सायन्सचं वर्कशीट कोरं. याला शिक्षण म्हणायचं का?

केरीकर_वुल्फपॅक:
ताई, नॉर्थ कॅरोलिनात पिढ्यान् पिढ्या चालत आलंय हे. दोन दुपारींनी पोरगा मागे पडणार असेल तर प्रश्न मॅचचा नाहीये.

मॉरिसव्हिलची_आई:
म्हणजे माझ्या मुलात खोट आहे असं म्हणायचंय का तुम्हाला? तोंड सांभाळून लिहा. आम्ही इथे घर घेतलं ते शाळा बघून, बास्केटबॉल बघून नाही.

ग्रीन्सबरोचे_काका:
केरीकर, मुलांवर जायचं कारण नाही. पण ताई, माझंही ऐका. माझ्या दोन्ही मुली इथल्या शाळेत वाढल्या. वर्गात भारतीय तेवढ्या त्याच, डबा उघडला की बाकीची पोरं नाकं मुरडायची. टूर्नामेंटच्या शुक्रवारी टीचर ट्रॉलीवरून टीव्ही ढकलत आणायच्या आणि त्या दिवशी एकच प्रश्न, ड्यूक की कॅरोलिना. धाकटीने वेक फॉरेस्ट सांगितलं आणि त्यावरून तिला मैत्रीण मिळाली, ती आजपर्यंत आहे. वर्कशीट दुसऱ्या दिवशीही होतं हो.

मॉरिसव्हिलची_आई:
काका, तुमच्या मुलींचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण आता वर्गात निम्मी मुलं आपलीच असतात, ती गरज उरली नाही. घरी बघू दे की, कोण नको म्हणतंय? शाळेचा तास जाऊ नये.

प्रिन्स्टनजवळची:
आईंचं बरोबर आहे. इथे तर कुणी असं करत नाही.

केरीकर_वुल्फपॅक:
न्यू जर्सीवाल्यांनी आमच्या शाळांत पडू नये.

ग्रीन्सबरोचे_काका:
मूळ मुद्द्यावर या. एसीसीची ही टूर्नामेंट 1954 ला रॅली शहरात सुरू झाली. 1974 पर्यंत एका कॉन्फरन्समधून एकच टीम एनसीएएला जायची आणि एसीसीची ती टीम इथेच ठरायची. त्या वर्षीची फायनल आमच्या ग्रीन्सबरोत, एनसी स्टेट 103, मेरीलँड 100, ओव्हरटाइममध्ये. स्टेट पुढे देशात पहिली आली आणि एवढी तगडी मेरीलँड घरी. पुढच्या वर्षीपासून एकाहून जास्त टीम घ्यायला लागले. त्यामुळे टेरेहोटकर, तुमचं दुखणं इथे जुनं आहे, फक्त मोठ्यांना औषध मिळालं आणि लहानांना नाही. माझा खरा राग वेगळाच आहे. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया अटलांटिक कोस्टमध्ये? 18 टीम करून ठेवल्या आणि त्यातल्या पंधरांनाच टूर्नामेंटला प्रवेश. पूर्वी शेवटच्या नंबरलाही एक संधी असायची, तीही काढून घेतली.

टेरेहोटकर:
आणि 2025 ला त्या पंधरात गतविजेती एनसी स्टेटच नव्हती! आता सांगा केरीकर, सीझनला किंमत असते की नसते?

केरीकर_वुल्फपॅक:
12-19 झालो, लायकी नव्हती, आणि कोचही गेला. पण विषय वेगळा आहे. बरं, लहान कॉन्फरन्सपुरतं एवढं मानतो की सीझन जिंकलेल्याला थेट सेमीफायनल द्यावी, वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये 2025 ला दिली तशी. एसीसीला मात्र हात लावायचा नाही.

टेरेहोटकर:
थेट सेमीफायनल मिळाली असती तरी आम्ही फायनलच हरलो होतो ना! सीझन जिंकून फायनलपर्यंत आलेल्या टीमला 68 मध्ये जागा पाहिजे. त्याच्याखाली मी काही मानणार नाही.