अँग्रच्या पेन्सिलीत ग्रीस कशाला शोधायचा?

शिसपेन:
अँग्र या फ्रेंच चित्रकाराची रोममधली पेन्सिलीची व्यक्तिचित्रं पुन्हा चाळत होतो. १८१५ साली नेपोलियनचा पाडाव झाला, फ्रेंच गिऱ्हाईक रोममधून पांगलं आणि हा बुवा पोटासाठी रोम बघायला आलेल्या इंग्रजांचे चेहरे काढू लागला. समीक्षक म्हणतात, यात प्राचीन ग्रीक-रोमन कलेचा आदर्श आहे. मला बॉनेट दिसतात, कोटाच्या कॉलरी दिसतात. १८१९चा व्हायोलिनवादक पॅगानिनी बघा, व्हायोलिन घेऊन उभा. ग्रीकांचा देव अपोलो कुठाय त्यात? मागाहून चिकटवलेलं लेबल आहे हे.

रेघोट्या:
साफ असहमत. चेहऱ्यात शोधलंत, म्हणून सापडला नाही. फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराची होमरच्या महाकाव्यांवरची चित्रं १७९३ला रोममध्ये छापली गेली. शेडिंग जवळजवळ नाहीच, नुसती बाह्यरेषा, थेट ग्रीक भांड्यांवरच्या आकृत्यांच्या वळणाची. अँग्र त्यांचा चाहता होता. आता पॅगानिनीचा कोट बघा. चेहरा बारीक छटांनी घडवलाय आणि खाली मोजक्या रेषांत अख्खा माणूस उभा. ती रेघ भांड्यावरून आली आहे.

शिसपेन:
की पैसे चेहऱ्याचे मिळत होते म्हणून कोट उरकला? :) त्याला स्वतःलाच ही कामं कमीपणाची वाटत. "छोटी चित्रं काढणारे इथंच राहतात का?" असं दारात कुणी विचारलं, तर म्हणे "नाही, इथे चित्रकार राहतो" असं सुनावलं. ग्रीकांचा वारसा चालवतोय असं वाटणारा माणूस असा चिडेल?

जुना_जेजेकर:
उरकलेली रेघ अशी नसते हो. उरकताना हात थरथरतो, कडा दोनदा गिरवली जाते. आम्ही प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटनं केली आहेत. पांढऱ्या प्लास्टरला ना रंग, ना बुबुळाची चमक, त्यामुळे नजर आपोआप कडेवर जाते. पुढे जिवंत माणूस समोर बसला तरी आधी कडच दिसते. अँग्रचं शिक्षण याच वळणाचं. शिवाय पेन्सिल विसरू नका. ब्रिटनशी युद्ध पेटल्यावर फ्रान्सला चांगलं ग्राफाइट मिळेना, तेव्हा १७९५च्या सुमारास काँते या फ्रेंच संशोधकाने ग्राफाइटची पूड मातीत मळून भाजली. माती जास्त तितकं टोक कडक. (म्हणजे भांड्यासारखीच भाजलेली माती, ही आपली गंमत.)

तळटीप:
अँग्रचा गुरू दाविद कुणालाच आठवला नाही? फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९५ला कैदेत असताना त्याने सोबतच्या कैद्यांची चित्रं काढली: गोल चौकट, चेहरा एका बाजूने, अगदी रोमन नाण्यासारखा. हरलेल्या प्रजासत्ताकवाद्यांना त्याने नाण्यावर बसवलं. इथे प्राचीन रोम कुणी मागाहून चिकटवलेला नाही.

शिसपेन:
दाविदचं नाणं मान्य. कोट अजून मान्य नाही.

रेघोट्या:
पॅगानिनीची डावी बाही मोठी करून बघा, मग बोलू.